तीन सेकंदांत भरणारी बंदूक

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (एरवी मी तुम्हाला नुसतं 'काय मामा' म्हणतो, त्यामुळे 'तीर्थरूप' वाचूनच तुमच्या पोटात गोळा आला असणार. बरोबर आलाय, तो तसाच ठेवा.) आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही रागावूनच वाचाल आणि शेवटी नव्यानं रागवायचे कष्ट पडणार नाहीत. मामा, मी संग्रहालयातली सगळ्यात जुनी ठासणीची बंदूक भिंतीवरून काढली आणि तिचा दारू ठासायचा गज तिच्याच नळीत अडकवून ठेवला. गजाच्या पुढे कागदाचा बोळा आहे. बोळा आणि गज यांच्या मध्ये पेपरमिंटची एक गोळी आहे. आता ती गोळी राहिली नसावी, पण चिकटपणा आहे.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा? आणि साखर? मामी अजून दर सोमवारी बोट टोचून बघते का? फोन करूनच विचारलं असतं, पण तुमचा फोन मामी उचलते आणि लगेच स्पीकरवर टाकते, आणि मग मागून शेजारच्या काकूसुद्धा मला सल्ला देतात. म्हणून हे पत्र घड्याळवाल्या काकांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. तिथे तुम्ही रोज सकाळी पेपर वाचायला जाता, हे मामीला माहीत आहे. तिथे आणखी काय करता, हे मला माहीत आहे. त्यावर नंतर येतो.

तर मामा, तुम्ही मला ही नोकरी लावून दिलीत तेव्हा संग्रहालयाच्या मोठ्या बाईंना काय म्हणाला होतात, आठवतं? 'पोरगा शाळेत यथातथाच, पण बंदुकांतलं त्याला सगळं कळतं. माझा शब्द आहे.' तीस वर्षं पलटणीच्या बंदुका दुरुस्त केलेला माणूस शब्द देतोय म्हटल्यावर बाईंनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. चूक तुमचीही नाही. मी आत्याच्या घरी सगळ्यांसमोर चाळीस बंदुकांची नावं एका दमात म्हणून दाखवली होती, तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. ती सगळी कॉम्प्युटरवरच्या गेममधली होती, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आलेले असताना मध्ये कसं बोलायचं?

इथे आल्यावर बाईंनी पहिलं काम दिलं पाट्यांचं. बंदुकांच्या दालनातल्या जुन्या पाट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या (बंदुका सोडून पाट्या खाल्ल्या, म्हणजे वाळवीलाही वाचनाचीच आवड). सव्वीस बंदुका, सव्वीस पाट्या. उतरवून काढायला एक जाडजूड नोंदवही दिली. त्या वहीतलं अक्षर असं की लिहिणाऱ्याचा हात चालत्या बैलगाडीत होता की काय असं वाटावं. तीन पाट्या मी अगदी प्रामाणिकपणे केल्या, डोळे दुखले. आणि मग लक्षात आलं की या सगळ्या बंदुका माझ्या ओळखीच्या आहेत. दोन वर्षं रोज भेटतोय त्यांना! गेममध्ये प्रत्येकीचं चित्र आहे, शेजारी सगळी माहिती आहे, तीही स्वच्छ छापील अक्षरात. मग काय, उरलेल्या तेवीस पाट्या मी एका दुपारीत उडवल्या.

त्यांवर काय लिहिलं ते सांगतो, बसून वाचा. 'मार: पंचेचाळीस. पल्ला: चार घरं. घोडदळाविरुद्ध दुप्पट. तयार करायला लाकूड चाळीस, सोनं वीस. पुन्हा भरायला वेळ: तीन सेकंद.' बाईंनी पाट्या पाहिल्या. मामा, त्यांनी खरंच पाहिल्या, प्रत्येक पाटीवर गवंड्याची लेव्हल ठेवून पाहिल्या. सरळ लागल्या आहेत म्हणाल्या आणि मला शाबासकी दिली. अकरा दिवस त्या पाट्या भिंतीवर होत्या आणि एकाही माणसानं हूं की चूं केलं नाही. संग्रहालयात माणसं पाट्यांसमोर थांबतात ती पाय दुखतात म्हणून, हे मला इथे आल्यावर कळलं.

बाराव्या दिवशी शाळेची सहल आली. मोठी माणसं जे वाचत नाहीत ते पोरं वाचतात, आणि ही पोरं तोच गेम खेळणारी. पाच मिनिटांत दालनात बाजार भरला. जाड चष्म्याचा एक पोरगा, उंचीनं माझ्या कोपराएवढा, माझ्यासमोर येऊन म्हणतो, 'काका, ही पाटी जुनी आहे. हिचा मार आता अडतीस केलाय, मागच्या अपडेटमध्ये.' दुसरा म्हणतो, 'आणि लाकूड पन्नास लागतं.' (मला काका म्हणाला, हे तुम्ही जाऊ द्या, मीही जाऊ दिलं.) त्यांच्या शिक्षिका वहीत सगळं उतरवून घेत होत्या. त्यांनी विचारलं, पल्ला चार घरं म्हणजे साधारण किती मीटर? मी म्हटलं, बाई, त्या काळी घरं मोठी असायची. त्यांनी तेही लिहून घेतलं.

इथे मला तुमची फार आठवण आली. मागच्या सुट्टीत मी खेळत होतो आणि तुम्ही खुर्चीमागे येऊन उभे राहिलात, ते आठवतं? माझे वीस बंदूकवाले एका किल्ल्यावर गोळ्या झाडत होते आणि किल्ला पडत होता. तुम्ही विचारलंत, 'हे भरतायत कधी?' मी म्हटलं, मामा, आपोआप भरतं. 'दारू कोण ओततो? गज कुठाय? अरे त्यांच्या कमरेला काडतुसांची पिशवीसुद्धा नाही, शत्रूकडून मागून आणतात की काय?' मग पाऊस सुरू झाला आणि माझे शिपाई झाडतच राहिले, तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात. बारा सेकंदांत बराकीतून मिशांसकट तयार शिपाई बाहेर पडतो, हे बघून तुम्ही पलटणीतल्या भरतीवर जे बोललात ते मी पत्रात लिहीत नाही. शेवटी धनुष्यवाल्याचा पल्ला बंदुकीपेक्षा जास्त निघाला. मी समजावलं की बंदूक फार भारी पडू नये म्हणून गेमवाले तसं करतात, बॅलन्स म्हणतात त्याला. तर तुम्ही म्हणालात, 'मग जगातल्या सगळ्या सैन्यांनी धनुष्यं टाकून बंदुका घेतल्या त्या काय बॅलन्ससाठी?' मी हसलो होतो. कसलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढतो, असं तुम्ही सांगत होतात आणि मी 'हो हो' म्हणत दुसरा किल्ला पाडत होतो. आता हसू येत नाही.

कारण तो चष्मेवाला म्हणाला, 'तीन सेकंदांत भरते असं लिहिलंय. दाखवा ना.' चाळीस पोरं एका सुरात 'दाखवा! दाखवा!' मोठ्या बाई जेवायला घरी गेल्या होत्या. बंदुकांच्या साखळीच्या कुलपाची किल्ली टेबलाच्या खणात. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? (कुलूप उघडलं नसतं. ठीक आहे. पण तुम्ही तुम्ही आहात.)

मामा, ती जड असते! गेममध्ये शिपाई ती घेऊन डोंगर चढतात. मी ती खुंट्यांवरून उतरवली ती थेट छातीशी कवटाळून. लांबीला माझ्या खांद्याच्या वर येते. दारू अर्थातच नव्हती, तेवढी अक्कल आहे, नळीही मी आधी गज घालून तपासली, तुमच्या शिकवणीप्रमाणे. दारूच्या जागी कागदाचा बोळा घालायचं ठरवलं. गोळीच्या जागी काय? खिशात पेपरमिंट होती, अगदी मापाची, जणू त्या नळीसाठीच केलेली. पोरांनी आकडे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन… तीनला मी अजून बोळाच चुरगाळत होतो. दहाला गोळी हातातून पडली, ती टेबलाखाली गेली. वीसला गोळी नळीत. पंचविसाला गज काढायला गेलो तर तो लांबच लांब निघतच राहिला आणि मागे एका पोराच्या टोपीला लागला. मग मी ठासायला लागलो. तुम्ही म्हणायचात ना, बेतानं ठासावं? मी बेत वगैरे विसरलो. चाळीस जण तोंडावर आकडे मारत असताना बेत राहात नाही. नळीत खोलवर काहीतरी कडकन् फुटलं आणि गज जागीच थांबला. पुढे जाईना, मागे येईना. शंभरच्या पुढे पोरांना मोजायचा कंटाळा आला. चष्मेवाला शांतपणे म्हणाला, 'काका, एवढ्यात घोडदळ येऊन परत गेलं असतं.'

खरं सांगू? त्या क्षणी मला घाम फुटला होता आणि समोर नुसती शाळेची पोरं होती. समोरून खरेच घोडे येत असते आणि हातात हे धूड असतं तर? गेममध्ये मी असे हजार शिपाई मारून घेतलेत, एका बोटानं. त्यातल्या एकाच्याही हाताला घाम आलेला मला दिसला नव्हता. हे तुम्हाला लिहावंसं वाटलं. बाकी कुणाला सांगायला लाज वाटते.

असो. पुढचं ऐका. मी बंदूक परत खुंट्यांवर ठेवली. वीतभर गज नळीतून बाहेर डोकावत होता, म्हणून मी लगेच एक नवी पाटी केली: 'विश्रांतीच्या वेळी गज नळीतच ठेवण्याची त्या काळी पद्धत होती.' (शिक्षिकेनं लिहून घेतलं.) संध्याकाळी सगळे गेल्यावर गोळी विरघळावी म्हणून नळीत गरम पाणी ओतलं. ओरडू नका. मला माहीत आहे, लोखंडात पाणी म्हणजे तुमच्या लेखी खून. पण मी लगेच चुलतभावाच्या सायकलच्या पंपानं हवा मारून वाळवलं. त्यानं एवढंच झालं की वितळलेला पाक आतल्या आत सगळीकडे पसरला आणि गज सिमेंटात रोवल्यासारखा बसला.

आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. खिडकीतून निघून भिंतीवरून, पाटीच्या कडेनं, सरळ रांगेत थेट बंदुकीच्या तोंडात. इतकी शिस्तबद्ध चढाई मी गेममध्ये सुद्धा पाहिली नाही. मी आडवी खडूची रेघ मारली. अर्ध्या तासात त्यांनी रेघेला वळसा घालून डाव्या बाजूनं हल्ला केला. मोठ्या बाई रोज त्या भिंतीसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, 'बंदुकीला मुंग्या कशा लागतात रे?' मी म्हणतो, जुनं लोखंड गोड असतं बाई.

आता खरं संकट. ही बंदूक देणगीदार आजोबांच्या घरातली. दालनातल्या सव्वीसपैकी बावीस त्यांच्याच. ते वर्षातून एकदा येतात, शनिवारी, आणि आपल्या पणजोबांची ही बंदूक स्वतःच्या हातानं उतरवून, गजाला फडकं बांधून, तेल देतात. ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. या शनिवारी ते गजाला हात घालतील आणि गज येणार नाही. मग ते बावीस बंदुका गाडीत घालून घरी नेतील, दालनात उरतील चार बंदुका, रिकाम्या खुंट्या आणि माझ्या पाट्या, बाई मला काढतील, ते ठीक. पण काढताना म्हणतील, 'मामांनी शब्द दिला होता.' ते मला ऐकवणार नाही, मामा.

मामीला नमस्कार. लहानग्यांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा, पण फार नको, प्रवास करायचा आहे.

तुमचा,
बंदुकांतलं सगळं कळणारा भाचा

ता. क. गुरुवारी संग्रहालयाला सुट्टी असते. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे. तुमच्याकडे तो लांब सळईच्या टोकाला पेच असलेला स्क्रू आहे ना, नळीत अडकलेलं ओढून काढायचा? तो घेऊन या. तेल पण. तेल जास्त आणा.

ता. क. २. येताना तेवीस बंदुकांची खरी माहिती डोक्यात घेऊन या. देणगीदार आजोबा पाट्या वाचतात, असं कालच कळलं.

ता. क. ३. एक सांगायचं राहिलं. त्या शाळेतून पोरांची आभाराची पत्रं आली. चाळीसच्या चाळीस. 'काकांनी बंदूक भरून दाखवली, खूप मजा आली.' बाई रागावतील म्हणून मी टेबलाखाली जायच्या तयारीत होतो, तर त्या इतक्या खूश झाल्या की शनिवारी देणगीदार आजोबांसमोर आणखी चार शाळा बोलावल्यात आणि बाहेरच्या फळ्यावर लिहिलंय: ठासणीच्या बंदुकीचं प्रात्यक्षिक. करणार कोण, असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. खडूनं, फळ्यावर, मोठ्या अक्षरात आहे. अक्षर माझं. लेव्हल लावून बाईंनी तपासलंय.

ता. क. ४. ती पेपरमिंट कुठली, हे तुम्ही अजून विचारलं नाही. घड्याळवाल्या काकांच्या खणात, मोठ्या घड्याळाच्या मागे, तुमचा जो डबा आहे, त्यातली. मागच्या वेळी येताना तुम्हीच मला मूठभर दिल्या होत्यात आणि म्हणाला होतात, मामीला बोलू नकोस. मी आजतागायत बोललो नाही. सोमवारी तुमची साखर बघून ती डोकं धरून बसते, तरी बोललो नाही. माझ्याकडून काही धोका नाही, मामा, मी तसला नाही. फक्त तुम्हीही हे कुणाला सांगू नका. आईला नको, आत्याला तर नकोच, घड्याळवाल्या काकांना पत्र वाचून दाखवू नका, पाया पडतो. आणि गुरुवारी येताना त्या डब्यातल्या दोन गोळ्या आणा. शनिवारी पोरांसमोर बंदुकीत घालायला काहीतरी लागेलच ना?