तुसावर उभी केलेली मोटार

१२ जानेवारी १९३९, मुरबाड

म्हसा गावची जत्रा उठली. दिवसभर गिरणीवर भात भरडायला रीघ, इंजिन बंद करायला सवड नाही. कान अजून घुमताहेत.

संध्याकाळी किन्हवलीहून मेव्हणा आला. त्याच्या बहिणीचा, द्वारकाचा काही निरोप आहे का विचारलं. "निरोप काय नाय. बरी हाय." बरी म्हणजे कशी, ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदलं नाही.

आमची पोर कुसुम वारली त्याच आठवड्यात ही माहेरी गेली. उंबऱ्यात एवढंच बोलली, "बैलगाडीनं दवाखान्यात जायाचं, असल्या गावात मी नाय ऱ्हायाची." पोरीला घटसर्प, भर पावसातला कल्याणचा रस्ता, चाकं चिखलात. उजाडलं तेव्हा कुठे अर्ध्या वाटेवर, रायत्याला पोचलो होतो. पुढे जायची गरज उरली नव्हती.

किन्हवलीला तरी कुठे दवाखाना आहे? पण हे तिला सांगणार कोण. मी तर नाही.

१९ जाने.

शहापूरला गेलो. जंगलाचे ठेके घेणारे एक म्हातारे शेट मोटार विकायला काढताहेत असं कानावर होतं. पाहिली. चार माणसांची, कापडी हूड, एका बाजूचा दिवा मिचमिचा. हँडल मारलं, पहिल्या झटक्याला चालू. वखारीत भाताचं जाड तूस पसरून त्यावर उभी केलेली. निगा चांगली ठेवलीय.

शेट म्हणाले, "जरासं ऑइल सुटतं हां. आदीच सांगतो. जुनी झाली, तेवढं चालायचंच."

मी म्हणालो, "त्याचं काय एवढं, आमचं गिरणीचं इंजिनपण गळतं." त्यांच्या मालाची वकिली मीच केली. ते नुसते हसले.

घेतो म्हणून सांगून आलो. पूर्वी कल्याणला लॉरीवर होतो तेव्हाचं लायसन पेटीत आहे, ते नवं करून घ्यायचं. घरी थोरल्या काकांना अजून बोललो नाही. घरात आता आम्ही दोघंच, पण बोलणं रोज उद्यावर जातं.

२८ जाने.

आणली. शहापूरहून किन्हवलीवरूनच आलो, दुसरा रस्ता कुठे आहे. गावाजवळ आल्यावर वेग कमी केला. मेव्हण्याचं घर रस्त्याला लागूनच. पण हूड फाटलेलं, अंगावर बोटभर धूळ, मी भुतासारखा. म्हटलं, धुऊन-पुसून, हूड शिवून, नीट येऊ. थांबलो नाही. भोंगा मात्र दोनदा वाजवला.

तिने ऐकला असेल का, हेच डोक्यात.

२९ जाने.

सकाळी अंगणात मोटारीखाली काळा डाग. थाळीएवढा. काकांनी बोट लावून पाहिलं, वास घेतला. जन्मभर बैलगाडी हाकलेला, चाकांच्या कण्याला वंगण घालत आलेला माणूस. "ओली हाय तं बरं रे. कोरडा कणा पेटतो. वंगण गळतंय म्हंजे भरपूर हाय." काकांना मोटार आवडली, पण बैलगाडी आवडावी तशी. मला कालपासून जे बरं वाटत होतं ते थोडं कमी झालं.

मग गिरणीतून घमेलंभर तूस आणून डागावर टाकलं, रोज इंजिनाखाली टाकतो तसं. टाकता टाकताच शेटची वखार आठवली. ते जाड तूस. निगा म्हणे! पण आपण जन्मभर तुसातच वावरलेली माणसं. कशाखाली पसरलेलं दिसलं तर विचारावंसंसुद्धा वाटत नाही.

४ फेब्रु.

कल्याणला मिस्त्रीला दाखवली. खाली निजून पाहिलं त्याने. मागच्या बाजूने गळते, इंजिन उतरवायला हवं, पंधरवडा तरी गाडी ठेवून जा म्हणाला. "तवर भरत ऱ्हावा. ऑइलची पट्टी बगितल्याबिगर हलवू नका."

पंधरवडा कसा ठेवू? द्वा.ला आणायला जायचं ठरलंय, मेव्हण्याला कळवलंय. आणल्यावर बघू. गळतंय ते थोडंच आहे.

९ फेब्रु.

हूड शिवून घेतलं. मागच्या बैठकीवर जुनी सतरंजी दुमडून घातली. पुसून पुसून पत्र्यात तोंड दिसायला लागलं. उद्या जाणार. काका म्हणाले, नारळ विसरू नको.

किती तरी दिवसांनी भूक लागून जेवलो.

११ फेब्रु.

काल लिहिणं जमलं नाही. आज लिहितो, म्हणजे निदान कुठेतरी बोलून होईल.

किन्हवलीला सकाळीच पोचलो. मेव्हण्याचं अंगण ताजं सारवलेलं, रांगोळी, आळीतल्या बाया जमलेल्या. मोटार अंगणात घेतली. त्या सारवणावर एक थेंब पडला तरी सगळ्या गावाला दिसणार. मुलगी न्यायला जावई आला तो गळकी गाडी घेऊन! मेव्हण्याला म्हणालो, "तूस आणा थोडं, चाकं बसतील शेणात." त्याने पाटीभर आणलं. मी स्वतः पसरलं, चांगलं जाड.

द्वा. बाहेर आली. वाळलीय. हिरवं लुगडं. माझ्याकडे नाही, मोटारीकडे पाहत होती. तिच्या भावजयीने मोटारीला कुंकू लावलं, नारळ फोडला, हिची ओटी भरली. सगळ्यांनी पोटभर जेवू घातलं. मी हसत होतो. खरंच हसत होतो.

निघताना पट्टी पाहायला हवी होती. पण बाया भोवती, मेव्हणा भोंगा वाजवून बघतोय. त्या सगळ्यांसमोर इंजिनाचं टोपण उघडून काळी पट्टी पुसत बसायची लाज वाटली. खाली पाहावं तर तूस. तूस नेहमीसारखं कोरडं दिसत होतं वरून.

गावाबाहेर आल्यावर बोलली. "कापडाचं छप्पर हाय, पावसात कसं?" मी म्हणालो, मेणकापड लावू. "हां." एवढंच, पण पुढचं बोलणं होतं ते. पावसाळ्यातलं. म्हणजे राहणार होती.

सरळगावच्या अलीकडे नदीचा उतार. तिथेच ठोका सुरू झाला. आधी हलका, मग कुणी आतून घण घालतंय असा. आणि बंद. हँडल फिरेना. मी अंगाचं वजन घातलं तरी फिरेना. पट्टी काढली, कोरडी ठणठणीत.

ती उतरून दगडावर बसली. मी हँडल मारतोय, घाम गाळतोय, ती बघतेय. सरळगावाकडे जाणारी एक बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, बांदा दोर, वढून नेतो. दोर बांधला. मी तिला म्हणालो, "चल, बस गो. हळूहळू पोचू."

तेव्हा ती उठली. आवाज चढवला नाही. "हळूहळू पोचायचं मला ठावं हाय," म्हणाली. वाटेने किन्हवलीकडच्या बाया मोळ्या घेऊन चालल्या होत्या, त्यांच्यामागून चालायला लागली. ओटीचे तांदूळ पदरात तसेच.

मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार?

१२ फेब्रु.

मोटार सरळगावला ठेवून आलो होतो, ती आज बैलांनी ओढत दारात आणली. अर्धं मुरबाड बघायला. काका आत जाऊन पडले.

शेटला शिव्या घालायला बसलो होतो मनातल्या मनात. घालता आल्या नाहीत. त्यांनी तोंडाने सांगितलं तरी होतं. मी तर तेही नाही.

२० फेब्रु.

कल्याणचा मिस्त्री येऊन गेला. आतली बेरिंगं जळाली. तसला माल मुंबईत शोधावा लागेल, मिळाला तर मिळाला. "मी सांगितलं व्हतं," म्हणाला. सगळेच सांगून मोकळे.

६ मार्च. धुळवड

शिमग्याच्या सोंगात यंदा मोटार. दोन सुपांची चाकं, मध्ये एक जण भोंग्यासारखा ओरडतोय, मागून दुसरा तांब्यातून काळं पाणी सांडत. माझ्याच दारापुढे नाचले. मी दोन आणे दिले, हसलो. न हसून सांगतो कुणाला. आत आल्यावर रडलो, पोर गेल्यानंतर पहिल्यांदा.

१८ एप्रिल

मुंबईहून बेरिंगांचं उत्तर नाही. गिरणीवर काम थोडं. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायला सुरुवात झाली, सगळीकडे धूर. मोटारीच्या हुडात चिमण्यांनी काड्या आणल्या आहेत. हाकलत नाही. वापर तरी होतोय.

मेव्हण्याकडे दोनदा जाऊन आलो, चालत. ती बाहेर आली नाही. दुसऱ्या वेळी भावजय म्हणाली, "आता नका येत जाऊ भावोजी, तुमी गेल्यावर ती जेवत नाय."

आता जात नाही.

२१ मे

आज द्वा. आली. मेव्हण्याच्या बैलगाडीतून. मला वाटलं... जाऊ दे काय वाटलं ते.

"पेटीतलं न्यायला आलेय," म्हणाली. आत गेली. पेटीतून कुसुमचे परकर काढले, एकेक झटकून पुन्हा घडी घातली, फडक्यात बांधले. तांब्याची कळशी घेतली. माझ्यासाठी ठेवायचं ते वेगळं लावलं, तवा, परात, दोन ताटं. दोन का ठेवली ते विचारायचं धाडस झालं नाही. काकांसाठी असेल.

बाहेर पडताना मोटारीपाशी थांबली. दार अडकतं, मी उघडून दिलं. गाठोडं मांडीवर घेऊन मागच्या बैठकीवर बसली.

"कल्यानला किती येळ लागतो हिला?"

"तास. कमीच."

"तास," म्हणाली. मी दाराची कडी धरून उभा.

"अजून बंद हाय?"

"बंद."

"मंग दारात कशाला ठेवलीव?"

तू कधीतरी बसशील म्हणून, हे म्हणायचं सोडून मी कडीवरची धूळ पुसली. मेव्हण्याने बैल जुंपले. "गो द्वारके, ऊन कलतंय, नदी उतरायचीय." तिने मान वळवली नाही.

पाणी आणतो म्हणून मी आत आलो. तांब्या भरून पुढ्यात ठेवलाय आणि हे लिहीत बसलोय, बाहेर जायची भीती वाटते म्हणून. मेव्हणा दुसऱ्यांदा हाक मारतोय. मोटारीचं दार वाजलेलं नाही अजून.