तिच्या शेजारी कोण बसणार

आई, तुझ्या वर्गात मी तुला टीचर म्हणायचे, आणि राग आला की घरीही टीचरच म्हणायचे. तू फोडणी देताना मागे न बघता म्हणायचीस, "सुम्ने बस गं," म्हणजे आपल्या कानडीमिश्रित बोलीत, गप्प बस. सगळ्यात जास्त राग त्या एका वर्षीचा. एका मुलीच्या डोक्यात उवा होत्या, म्हणून तिच्या बाकावर कोणी बसेना. तू कोणालाच रागावली नाहीस. मला न विचारता माझं दप्तर उचललंस आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवलंस. टीचरचीच मुलगी बसते म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं बंद झाली, आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर तर त्या बाकावर बसायला भांडणं लागली. उवा मात्र माझ्याही डोक्यात आल्या. रविवारी मागच्या पायरीवर बसून तू फणी फिरवतेस, मी रडते आहे, आणि तू म्हणतेस, "माझीच पोर बसली नाही तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगू, अल्वा, हो ना?" ते खरंच होतं. म्हणूनच राग जास्त आला.

मीही टीचर झाले. कोणत्याही मुलाला एकटं पडू द्यायचं नाही, याचं आम्हाला हल्ली प्रशिक्षण देतात. तिथे मी तुझी ही गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या, मी फुगले. यंदा माझी मुलगी माझ्याच वर्गात आहे. जूनमध्ये एच. डी. कोटे गावाहून एक मुलगी आली. तिला कमी ऐकू येतं. मागून कोणी हात लावला की दचकून चिमटा काढते. शेजारची जागा रिकामी झाली. ती रोज सकाळी आधी त्या रिकाम्या जागेवरची धूळ हाताने पुसते, मग स्वतः बसते. मला ते बघवत नाही. हेडमिस म्हणाल्या, स्वतःची मुलगी आहे ना वर्गात, बसवा की.

काल डोसा वाढताना मी मुलीला विचारलं, "तिच्याजवळ बसशील?"

"नको म्हटलं तर चालेल?"

"चालेल."

"मग नको, मम्मी. भय वाटतं मला."

आज मी माझीच खुर्ची त्या बाकाला लावली आणि तिथूनच शिकवलं. त्या पोरीने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग पुस्तक मधे सरकवलं. उद्या आणखी कोणी येईल का, माहीत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, लेकीला लाडावून ठेवलंस. असेलही. पण ती नको म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं, आई, खूप बरं वाटलं. तू हे वाचणार नाहीस, म्हणूनच लिहिता आलं.