मुद्दाम ठेवलेल्या गळत्या

ड्युलुथ, बुधवार

ती. आर्डिसताई यांस,

धाकट्या ऑरविलचा वाकून नमस्कार (वाकता येतं अजून, पाठ बरी आहे). तुझा नवा खुबा काय म्हणतो? जिना चढायची घाई करू नकोस. तू पाठवलेला रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा पोचला. सरोवरावरचा बर्फ फुटायला लागलाय, पण थंडी काही हटत नाही.

तुझी भावजय व्हर्ना गेल्यापासून घर खायला उठतं, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून फेब्रुवारीपासून मी इथल्या मुलांच्या संग्रहालयात बिनपगारी मदतनीस झालोय. जागोजागी ‘हात लावा!’ अशा पाट्या आहेत. पोरं पाणी अडवतात, कप्पीने दगड उचलतात, चुकतात आणि चुकता चुकता शिकतात. हात लावायची बंदी फक्त मदतनिसाला! मुलाचं अडलं तर करून दाखवायचं नाही, नुसतं विचारायचं, “तुला काय वाटतं, काय होईल?” (बेचाळीस वर्षं प्लंबिंग केलं, पण गिऱ्हाइकाच्या तळघरात गुडघाभर पाण्यात उभं राहून असं विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तर त्याने पानाच डोक्यात घातला असता.)

तर गेल्या गुरुवारी मी तासभर आधीच पोचलो. पाण्याच्या दालनात पाहतो तो काय, लांबलचक टेबलावरच्या पाईपांचे अकराच्या अकरा सांधे गळताहेत! ताई, माझा जीव कळवळला गं. गाडीतून पाना आणला, टेप आणली, वॉशर बदलले आणि दार उघडायच्या आत एकूण एक गळती मारली. वर टेबलही पुसून ठेवलं. मग पहिलीची बावीस पोरं आली आणि बाह्या सरसावून उभी राहिली. पाणी एका टोकाने शिरलं आणि दुसऱ्या टोकाने शहाण्यासारखं बाहेर पडलं. पोरं बघत राहिली. मीही बघत राहिलो. दुसऱ्या मिनिटाला एकाने पायातला मोजा काढून पाईपात कोंबला (करणार काय बिचारा!), आणि पुढचं सांगत नाही. त्यांच्या बाईंना माझा स्वेटर घालून घरी जावं लागलं, एवढ्यावरून ओळख.

आमची प्रमुख मारिसोल धावत आली. वय अठ्ठावीस, पण दरारा मुख्याध्यापिकेचा.

“ऑरविल, इथल्या गळत्या कुठे गेल्या?”

“मारल्या!” मी छाती फुगवून म्हणालो.

“अहो देवमाणसा, त्या मुद्दाम ठेवल्या होत्या! पोरांनी शोधून बुजवायच्या म्हणून!”

मग काय, अकराही सांधे माझ्याच हाताने सैल केले. प्रत्येकाची मनातल्या मनात माफी मागितली.

दुपारभर मला हात पाठीमागे बांधून उभं राहायची शिक्षा झाली. समोर ओपल नावाची सहाएक वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली पोर एक पाईप उलटा बसवत होती. सात वेळा उलटा! माझी बोटं शिवशिवायला लागली. मी नुसतं खाकरलो, तर म्हणते, “आजोबा, सांगायचं नाही हं! मी विचार करतेय.” मी पाठीमागचे हात आणखी घट्ट बांधले. आठव्यांदा तिने तो फिरवला, सांधा बसला, पाणी सरळ पुढे गेलं. केवढ्याने किंचाळली! आणि मलाच मिठी मारून शर्ट भिजवला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं (मारिसोलला म्हटलं, पाणी उडालं). त्या दिवसापासून मला पुन्हा सकाळी उठावंसं वाटतंय, ताई. पण शनिवारी मारिसोल ठरवणार, मला ठेवायचं की माझा ऍप्रन परत घ्यायचा.

गोळ्या वेळेवर घेत जा. तुझ्या मांजरालाही आशीर्वाद.

तुझा,
ऑरविल

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलंच. मला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणाचं तरी पत्र मारिसोलला हवंय, की हा गृहस्थ धीराचा आहे आणि ज्याचं काम त्याला करू देतो. तुझ्याशिवाय कोण लिहिणार?

ता. क. २ : तुला त्रास नको म्हणून पत्र मीच लिहिलंय. तू फक्त सही करायची.

ता. क. ३ : तुझा हात थरथरतो, म्हणून तुझी सहीही मीच करून टाकली आणि आत्ताच ते पत्र मारिसोलच्या नावे पेटीत टाकून आलो. मारिसोलचा फोन आलाच, तर तू काय बोलायचं ते मागच्या पानावर लिहिलं आहे.