लोटून की लावून

मंगळवार, ३ तारीख

बापलेकीचं बोलणं बंद! कारण काय, तर सिनेमा.

'सात उंबऱ्यांचा डोंगर' ही यांची जीव की प्राण कादंबरी. हे छापखान्यात मुद्रितशोधक होते, पहिली आवृत्ती यांच्याच डोळ्यांखालून गेली. लेक तर तीच ऐकत वाढली. कादंबरीवरचा सिनेमा आला तो तीन तासांचा. दोघं दोनदा बघून आले. आता म्हणे त्याचीच लांबवलेली प्रत निघाली — चार तास चाळीस मिनिटं! तेवढ्यात माझं आठवड्याचं निवडणं-टिपणं होतं. काल वाचनालयाच्या सभागृहात दाखवली.

शेवटी नवा प्रसंग. दिवेवाली मावशी उंबऱ्यात. भाची विस्तव आणायला डोंगरापलीकडे निघालेली. म्हणते, "मावशी, दार लावून घे." मावशी कडी घालते. संपलं.

हे भर सभागृहात उभे राहिले. "लोटून! पुस्तकात 'लोटून घे' आहे! लोटलेलं दार म्हणजे पोरगी परत येणार. लावलंत की खेळ खलास!"

लेक म्हणाली, "बाबा, खाली बसा. माझ्या प्रतीत 'लावून'च आहे."

"तुझी दुसरी आवृत्ती. वाट लावलेली."

तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. लेक एकोणीसला परगावी नोकरीला निघणार. सोळा दिवस उरलेत आणि हे दोघं शब्द मोजत बसलेत!

बुधवार, ४ तारीख

निरोप्या मी.

लेक म्हणाली, "त्यांना सांग, हट्टाला काही औषध नसतं." मी यांना सांगितलं, "ती विचारतेय, औषध घेतलंत का?" हे खूश. म्हणाले, "तिला सांग, अक्कल आली की बोल." मी तिला सांगितलं, "बाबा म्हणतात, जेवून घे."

आज एकूण बदललेले निरोप: पाच. देवापुढे पाच माळा जास्तीच्या. देवाशी हिशेब चोख हवा.

शुक्रवार, ६ तारीख

निरोप नऊ. माळा नऊ. बोटं दुखली.

वाण्याच्या यादीत मी पुन्हा 'साकर' लिहिलं. लग्न झाल्यावर हे असलं काही दिसलं की लाल पेन्सिलीने खोडायचे. हल्ली शब्दाखाली नुसती टिंबं देतात. छापखान्यात टिंबं म्हणजे 'आहे तसं राहू द्या'. तीस वर्षांत मी लाल रेघेवरून टिंबांपर्यंत आले!

रविवार, ८ तारीख

लेकीच्या बाजूने गावातले एक दंतवैद्य आहेत. लांब सिनेमावाल्यांचे पुढारी. आज घरीच आले. यांना म्हणाले, "पुढच्या रविवारी वाद मिटवूच. तुम्ही तुमची पहिली आवृत्ती आणा, ग्रंथपालबाई कपाटातली काढतील. शेवटचं पान उघडायचं, सगळ्यांदेखत."

हे म्हणाले, "आणतो. हरलात तर?"

"तुमची कवळी फुकट."

"मला कवळी नाही!"

"लागेल हो."

मी चहा ओतत होते, हात थांबला. शेवटचं पान! अहो, ते पान छापील कुठंय? लेक चार वर्षांची असताना तिने फाडून होडी केली होती. हे रडायचे बाकी होते. मी वाचनालयातली प्रत एका दिवसाच्या बोलीवर आणली, ओट्याशी बसून ते पान शाईने उतरवलं आणि खळीने चिकटवलं. एकवीस वर्षं झाली.

पण मी उतरवलेलं चुकेल कशाला? माझ्या वहीत आजवर खाडाखोड नाही.

गुरुवार, १२ तारीख

चुकलं.

राहवेना म्हणून वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी कपाट उघडून दिलं. पहिली आवृत्ती, शेवटचं पान, शेवटून तिसरी ओळ. 'दार लावून घे.' चष्मा पुसून पाहिलं. लावून.

कसं झालं तेही कळलं. आमच्याकडे घराबाहेर पडताना कोणी 'लावून घे' म्हणत नाही. मी म्हणू देत नाही, अभद्र वाटतं. 'लोटून घे' म्हणायचं. हाताने तोंडचं लिहिलं.

म्हणजे हे ज्या शब्दासाठी पोटच्या पोरीशी बोलत नाहीत, तो लेखकाचा नाहीच. माझा आहे!

मनात आलं, पुस्तक पिशवीत घालावं. पिशवी उघडलीसुद्धा. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "रविवारी येणार ना?" देवच बोलला. बंद केली.

यांना सांगावं तर कोणत्या तोंडाने? उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या माणसाने. आता सगळ्यांदेखत तोंडावर पडणार, तेही माझ्या हस्ताक्षरावर.

शनिवार, १४ तारीख

तीनदा सांगायला गेले. तीनदा चहा देऊन परत आले. चौथ्यांदा हेच म्हणाले, "झोप येत नाही का चहाने?"

रविवार, १५ तारीख

सगळं लिहिते, नाहीतर सुटायचं.

सभागृह भरलेलं. यांनी पुस्तक उघडलं. दंतवैद्य वाकून बघतात तो — "अहो, हे तर हाताने लिहिलंय!" हशा. पुढच्या रांगेतून कोणीतरी, "हस्तलिखित सापडलं!"

हे शांत. "माझ्या बायकोच्या हातचं आहे. ती काना-मात्रा चुकत नाही."

ग्रंथपालबाई दुसरी प्रत उघडायला लागल्या. मी उभी राहिले. "उघडू नका. तिथे 'लावून' आहे. चूक माझी. मी शब्द बदलला."

लेक मागे वळली. "आई! तुझी ही सवय जुनीच आहे तर! परवा बाबा खरंच म्हणाले होते का, गाडीत खिडकीशी बस म्हणून?"

मी देवाचं नाव घेतलं.

हे म्हणाले, "मी म्हटलं होतं, जायचं तर जा!" — तेरा दिवसांत लेकीशी पहिला शब्द!

"आणि मी तुमचा स्वेटर मागितलाच नव्हता!"

"मग मी तो धुऊन, घडी करून ठेवला तो कशाला?"

"मला कळेना बाबा एवढे गोड कसे झाले! मी म्हटलेलं, तुमचं सगळं जुनाट झालंय."

दोघं एकेक निरोप काढून ताडून बघायला लागले. दंतवैद्य डोळे पुसत हसत होते. लांब सिनेमा जिंकला, पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. घरी येताना बापलेक पुढे, बडबड चाललेली. मी मागे, पिशवी घेऊन.

माळा मोजायच्या सोडून दिल्या. एकरकमी देवाची माफी मागितली.

गुरुवार, १९ तारीख

लेक गेली. स्वेटर नेला. उंबऱ्यात थांबली, यांच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, दार लोटून घ्या."

हे आत जाऊन चष्मा शोधत बसले. चष्मा डोळ्यांवरच होता.

शुक्रवार, २० तारीख

पुस्तक कपाटात ठेवताना शेवटचं पान पुन्हा उघडलं. उजेडाकडे धरलं. 'लोटून'च्या खाली पेन्सिलीची बारीक टिंबं. लाल रंग पार उडालेला — ही काही आजकालची नाहीत. म्हणजे यांनी तेव्हाच ओळखून राहू दिलं होतं.

यांना विचारलं नाही. कशाला?

आजचे बदललेले शब्द: माझे शून्य. यांचा एक — एकवीस वर्षांचा!