स्वेटरमधला वास

३ नोव्हेंबर, सोमवार

वास कमी झालाय. आज नक्की कळलं. कपाटातून ह्यांचा तपकिरी स्वेटर काढला, गळ्यापाशी नाक खुपसलं — घड्याळाचं तेल आहे, लिमलेटच्या गोळ्या आहेत, पण त्याखालचा, मानेपाशी असायचा तो खुद्द ह्यांचा वास शोधावा लागला. हे गेल्यापासून आठ महिने पुरला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत काही टिकत नाही.

मी तेहतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. मुलं पाठीमागे मला नाकबाई म्हणायची. म्हणेनात का! लेबल गळून पडलेली बाटली असली की प्राध्यापकसुद्धा निमूट माझ्याकडे धाडायचे. मी हाताने वारा घालून थोडीशी वाफ नाकाकडे ओढायची आणि नाव सांगायची. एकदाही चुकले नाही. आणि अशा बाईच्या कपाटातून नवऱ्याचा वास गुपचूप निघून जातो म्हणजे काय!

माळ्यावर ईथरची बाटली आहे. माझ्या निवृत्तीच्या वर्षी प्रयोगशाळेतलं जुनं सामान काढून टाकत होते, तेव्हा पिशवीत घालून आणलेली. कपड्यांवरच्या डागांना बरी म्हणून. डाग एकही काढला नाही.

फुलांतला वास ईथरमध्ये उतरतो. मग लोकरीतला का नाही उतरणार?

५ नोव्हेंबर, बुधवार

लेक शाळेत शिकवायला गेली की घर सहा तास माझं. ह्यांच्या घड्याळांच्या खोलीत बसले. दुरुस्तीला आलेली चार घड्याळं अजून भिंतीवर आहेत, सगळी बंद, प्रत्येकाची वेळ वेगळी. लोक न्यायला आलेच नाहीत, मीही निरोप धाडला नाही.

काचेचा वाडगा, त्यात स्वेटरची एक बाही, वर ईथर. उडून गेल्यावर तळाशी पिवळसर ओशट थेंब राहिला. टाचणीच्या डोक्याएवढा! तेलाच्या रिकाम्या कुपीत काढून ठेवला.

खिडकी लावून घेतली होती. मुलांना मी काय सांगायचे ते पाठ आहे — खिडक्या उघडा, ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटते, कुठे ठिणगी असेल तिथपर्यंत जाते. सगळं पाठ आहे. पण खिडकी उघडली तर वाऱ्यावर हेच निघून जातील असं वाटलं. हसण्यासारखं आहे. हसले नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी बाही. लेक मैत्रिणीकडे गेली होती.

खुर्चीत डोळा लागला असावा. भिंतीवरचं एक घड्याळ चालू झालं. मग दुसरं. मग हे आले, पाठमोरे टेबलाशी बसले, डोळ्याला भिंग लावलं. मला म्हणाले, अगं, तो दिवा जरा इकडे कर. मी दिवा सरकवला. पुढे किती वेळ आम्ही असे बसलो होतो कोण जाणे. हात कापसाचे झाले होते आणि कसलीच घाई नव्हती.

जाग आली तेव्हा घड्याळं बंद. दिवा मात्र खरंच सरकलेला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

लेक घरी. काम बंद. दिवस संपता संपेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे आज पुन्हा आले. आज बोलले नाहीत, नुसते गुणगुणत होते. नेहमीसारखेच बेसूर. मी म्हटलं, आठ महिन्यांत गळा काही सुधारला नाही. त्यावर मान हलवून हसले.

डोकं ठणकतंय, पण गोड ठणका आहे. चालताना जमीन थोडी उशिरा पायाखाली येते.

संध्याकाळी लेक दारातूनच ओरडत आली — दूध करपल्याचा वास जिन्यापर्यंत येतोय, तू शेजारी बसून काय करतेस? खरंच पातेलं काळंठिक्कर पडलं होतं आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसून वाटाणे सोलत होते. म्हटलं, तंद्री लागली गं. थोडी सर्दीही आहे.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. डोळे अगदी ह्यांचे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुढचा भाग झाला, पाठ झाली. कुपीत आता ज्वारीच्या दाण्याएवढं साठलंय. बुचावर मेण लावून बंद केली आणि स्वयंपाकघरात सुयांच्या डब्यात ठेवली. हुंगून पाहायचं नाही असं ठरवलंय. उद्या गळा झाला की पूर्ण. मग एकदाच उघडायची, लेकीसमोर. तिच्या वाढदिवसाला. तीस तारखेला. तिला वाटतं आईला बाबांची आठवणच येत नाही, कारण मी तिच्यासमोर रडत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

कालचं आज लिहिते.

काल लेकीची शाळा संध्याकाळपर्यंत होती. मी दुपारी गळा वाडग्यात घातला, कधी नव्हे ते भसाभस ओतलं — आता शेवटचंच तर आहे. खोलीचं दार ओढून बाहेर येऊन बसले. तिथेच पेंगले. ती आली ती कुडकुडत. हीटर जमिनीवर ठेवला, खटक्यावर हात ठेवून थांबली.

"आई, वास येतोय कसला तरी. लावू ना हीटर?"

मी नाक वर करून हवा ओढली. तसंच, प्रयोगशाळेत ओढायची तशी. काही नव्हतं. अगदी स्वच्छ हवा.

"काही नाही गं. लाव."

तिने लावला. नाकबाईचा शब्द, कोण मोडणार!

निळी ज्योत. आवाजसुद्धा फारसा नाही, कुणी चादर झटकावी एवढाच. हीटरपासून निघाली आणि जमिनीवरून ह्यांच्या खोलीच्या दाराकडे धावत गेली, दाराखालच्या फटीतून आत. वाट पाठ असल्यासारखी. लेकीच्या सलवारीची कड पेटली. मी पलंगावरची रजई तिच्या पायांवर टाकली, वर स्वतः पडले. ती खालून ओरडत होती, आई ऊठ, मला श्वास घेऊ दे! मग खालच्या मजल्यावरचा सुतार भुशाची दोन पोती आणि पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आला; भुसा कशाला आणला विचारलं तर म्हणाला, हाताला तेच लागलं. नशीब, टाकला नाही. पाण्याने खोलीतला पेटलेला पडदा विझला, वाडग्यावर ह्यांचं लोखंडी घमेलं पालथं घातलं.

स्वेटर गेला. लेकीच्या उजव्या घोट्यावर तळहाताएवढा फोड आहे. डॉक्टर म्हणाले, डाग राहील.

मी म्हटलं होतं लाव. तिला वास आला होता, आणि मी म्हटलं होतं लाव.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजात माझ्या जागी आलेली मुलगी आज भेटायला आली. तिला मीच सहा महिने शिकवलं होतं. लेकीने बोलावलं होतं तिला, मी नाही. ह्यांच्या खोलीत फळीवर ईथरची बाटली तशीच उभी होती, आगीतून वाचलेली. मी काढायला गेले तर तिने माझं मनगट धरलं.

टोपणाभोवती पांढरी बारीक कणी जमली होती. मला वाटत होतं, सुंदर आहे, खिडकीवरच्या दवासारखी.

"बाई, हे टोपण किती वेळा फिरवलंत?"

"पाच वेळा."

तिने माझा हात हळूच मागे घेतला. मग आम्हाला दोघींना जिन्यात काढून तिने अग्निशमनवाल्यांना फोन केला. जुन्या ईथरमध्ये असली कणी धरते, टोपण नुसतं पिरगाळलं तरी हात उडू शकतो. हे तिला कुणी शिकवलं? मी! खडूने फळ्यावर लिहून. ती ते बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तीन माणसं आली, वाळूच्या पेटीत बाटली ठेवून घेऊन गेली, लहान बाळ न्यावं तशी. सगळ्या खिडक्या सताड उघड्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे. डोळे मिटायला लावले. काय आहे, सांगा. म्हटलं, पाणी. आणि हे? पाणी. आणि हे? डोळे उघडले — कॉफी, लिंबू, साबण. ही सर्दी नाही म्हणाले. वाफेने होतं असं. परत येईल कदाचित. येणारही नाही. थांबून पाहू.

घरी येऊन त्या खोलीत बसले. गार वारा, ओल्या राखेचा ढीग. हे आले नाहीत. आता कळतंय की ते कधीच आले नव्हते, खिडकी बंद होती म्हणून आल्यासारखे वाटत होते. कळून काय करायचं! दिवा मी उगाच थोडा इकडे केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मलमपट्टी बदलताना लेक विचारते, का केलंस? सांगितलं सगळं. बाह्या, पाठ, कुपी. ती पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, बाबा गेले तेवढं पुरे नव्हतं का गं, तुलाही घालवून बसले असते. आणि रडली. मीही रडले, तिच्यासमोर, पहिल्यांदाच. पट्टी ओली झाली, पुन्हा बांधावी लागली.

३० नोव्हेंबर, रविवार

लेकीचा वाढदिवस. सुयांच्या डब्यातून कुपी काढून तिच्या हातात दिली. खिडकीशी उभी राहून तिने मेण खरवडलं, बूच काढलं आणि एकदम बाबा म्हणाली, ते खोलीत आल्यासारखं. मग कुपी माझ्या नाकाशी धरून विचारलं, आला?

आला, म्हटलं. इथे खरं लिहिते — पाणी.