बारा शब्द पाठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

टप्... टप्... टप्...

शाळेच्या मागच्या भिंतीला एक नळ होता. पुरता बंद असा तो कधी झालाच नाही. खाली लोखंडी बादली. आम्ही कविता म्हणायचो आणि गुरुजी त्या थेंबांवर ठेका धरायचे. "थेंब चुकवू नका रे, गाढवांनो!" आज इतक्या वर्षांनी तो आवाज कानात घुमला, आणि निमित्त काय — तर मोबाइल!

परवापासून मी क्रिप्टोची नाणी गोळा करतोय. फुकट! इंटरनेटवर तशी ठिकाणं आहेत आणि त्यांना म्हणतातही नळच. तासातासाने जायचं, 'पूल असलेली चित्रं निवडा' असलं कोडं सोडवायचं, की एक थेंब पडतो. थेंब कसला, नाण्याचा चुरा. शून्यं वाचता वाचता चष्मा पुसावा लागतो. पण पडतो!

मुलाला सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेल्या वर्षी लॉटरीच्या फोनला भुललो, तेव्हाचे त्याचे शब्द अजून टोचतात. "अण्णा, पुन्हा असं झालं ना, तर या घराला कुलूप आणि तुम्ही आमच्याकडे. विषय संपला." वाईट नाही तो. घाबरलाय. तेव्हापासून बँकेचं सगळं तोच बघतो. त्याच्या घरी तरी काय वेगळं — सूनबाईने नोकरी सोडल्यापासून तिथला खर्चही त्याच्याच मुठीत.

पण मी इथून जाऊ कसा? हिची शिलाई मशीन इथे. तिने शेवटी ओवलेला दोरा अजून सुईत तसाच आहे. त्यांच्याकडे गेलो तर मला हॉलमधला दिवाण मिळेल आणि मशीन जाईल भंगारात.

एक पैसा बाहेर जाऊ देणार नाही, असं वचन दिलंय. जात नाहीच! येतोय. मग वचन मोडलं का? दिवसभर डोक्यात ही वकिली चालू.

ठरवलं — चिमणीला एक पुस्तक घेण्याइतकं जमलं, की आपणहून त्याला सगळं सांगायचं. नातीसाठी स्वतः मिळवलेलं पुस्तक! मग बघू काय म्हणतो.

९ नोव्हेंबर, रविवार

नाणी ठेवायला मोबाइलातच पाकीट उघडावं लागलं. पाकिटाने बारा इंग्रजी शब्द दिले. त्यांचा क्रम हीच किल्ली. ज्याच्या हाती ते शब्द, त्याचं पाकीट. हरवले तर कोणी परत देणार नाही, कोणाला कळले तर कोणी वाचवणार नाही! 

कागदावर लिहून ठेवा म्हणतात. कुठे ठेवू? कामवाल्या बाई कागद दिसला की रद्दीत घालतात. मुलगा आला की बिलं शोधायला सगळे खण उपसतो. मग सुचलं — मी आयुष्यात एकच गोष्ट कधी हरवलेली नाही. पाठ केलेली कविता.

शब्द इंग्रजी, बाकी सगळी मराठी. दुपारभर जुळवत बसलो.

*रिव्हर म्हणाली लॅम्पला —*
*फॉक्स निघालाय कॅम्पला!*

लॅम्प आणि कॅम्प जवळजवळ आले हे नशीबच! पुढचं इथेही लिहिणार नाही. भांडी विसळताना म्हणून पाहिली. नळ गळत होता. ठेका बरोबर!

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी फिरताना शेजारच्या कंपाउंडरने पकडलंच. निवृत्त झाला तरी नाडी बघायची सवय जात नाही. "मास्तर, दर तासाला मोबाइल बघताय. कोण आहे ती?"

सांगून टाकलं. पोटभर हसला. "फुकट? अहो, माझ्या दवाखान्यात फुकट एकच मिळायचं — समोरच्याची सर्दी!"

 घरी येऊन पाहतो तो एका नळावर पाटी — जमलेलं काढून घ्यायचं तर आधी थोडी फी भरा. बंद केला तो नळ! दुसरीकडे कोणी 'मदतनीस' गोड बोलत आला. खात्याची तपासणी करतो, बारा शब्द सांगा म्हणाला. तुझ्या बापाला विचार! नाही सांगितले.

म्हणजे मी फसत नाही. म्हातारा झालो, पण फसत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुस्तकाला अजून पुष्कळ थेंब लागणार. पाठांतर दोनदा केलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

चिमणीचा फोन. दर रविवारी मी तिला एक कविता म्हणून दाखवतो आणि ती "हं, हं" करते. आज मध्येच म्हणाली, "आजोबा, तुमच्या कवितांत सगळे रडत का असतात? शाळेत मला एक म्हणायचीय, हसायची सांगा ना!"

दोन-तीन म्हणून पाहिल्या. पलीकडे जांभई. आणि मग — कसं झालं देव जाणे — तोंडातून निघून गेलं, "रिव्हर म्हणाली लॅम्पला..."

खळखळून हसली! ही गेल्यापासून असं हसणं या फोनवर आलं नव्हतं. "पुन्हा! पुन्हा म्हणा!" मी पुन्हा म्हटली. सबंध. मागून सूनबाईचा आवाज आला, "कसली ग एवढी मजा?"

फोन ठेवला आणि लक्षात आलं — किल्लीच देऊन बसलो! पण लेकरू आहे ते. उद्या विसरेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विसरली नाही.

शाळेत तिने सगळ्यांसमोर म्हटली. बाईंनी व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. दोन वेण्या, हातवारे, एक शब्द चुकला नाही पोरीचा! माझीच नात. अभिमानाने ऊर भरून आला आणि त्याच क्षणी ग्रुपमधली माणसं मोजायला लागलो.

मुलाने लिहिलं, "अण्णा, मस्त! छापायला द्या कुठेतरी!" छापायला!!

तासाभराने पाहतो तर व्हिडिओ घरच्या ग्रुपवरून गायब. टाकला होता सूनबाईने, म्हणजे काढला तिनेच. का काढला? विचारायची छाती होईना. पालकांच्या ग्रुपवर किती जण असतील? एखाद्याला जरी कळलं तरी —

जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाकीट रिकामं.

सकाळी उघडलं. एक थेंब नाही. मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. नाही. कालच कोणीतरी सगळं उचलून नेलंय. होतं तरी किती, चहाही आला नसता त्यात! पण फसलो तो फसलोच. मदतनिसाला नाही सांगितले, आणि पोरीच्या हसण्यावर सांगून बसलो!

दुपारी मुलाचा फोन. "अण्णा, रविवारी येतोय. घराचं बोलायचंय." आणखी काही नाही.  

मशीनवरची धूळ पुसली. दोऱ्याला हात लावला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घंटा वाजली. मला वाटलं, मुलगाच, रविवारपर्यंतही थांबला नाही. दार उघडलं तर सूनबाई! एकटी. खांद्याला पर्स, प्रवासाने चेहरा उतरलेला.

"अण्णा, आधी पाणी द्या. संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय. मैत्रिणीकडे जाते सांगून आलेय."

पाणी प्यायली. मग म्हणाली, "नाणी माझ्याकडे आहेत. चिमणीच्या कवितेत बरोबर बारा इंग्रजी शब्द! ग्रुपवर टाकल्यावर पुन्हा ऐकला, तेव्हा चरकले. आणखी कोणी उचलण्याआधी मीच उचलली. बाईंना सांगून तिथलाही व्हिडिओ काढायला लावला. फोनवर कसं बोलणार? घरात हे असतात."

"पण तुला कसं कळलं, बारा म्हणजे —"

हसली. "त्याच नळांवर मीही भरते, अण्णा. वर्ष झालं."

"आणि रविवारी तो येतोय ते?"

"घराला रंग द्यायचाय म्हणे तुमच्या. त्यांना काही माहीत नाही. तुमचंही, माझंही."

मी मशीनच्या स्टुलावर बसलो. तिने पर्सच्या अस्तरातून घडी घालून घालून मऊ झालेली चिठ्ठी काढली.

"हे माझे बारा. घरात ठेवायला जागाच नाही. कवितेत बांधून द्याल? आणि चिमणीला ऐकवायची नाही हं!"

दाराला कडी घातली. स्वयंपाकघरात टप् टप् चालूच होतं.

"सांग," म्हटलं, "पहिला शब्द कोणता?"