समोरच्या अकरा पायऱ्या

बाबा, परवा मी नाट्यगृहात समोरच्या दाराने गेले. एकटी, माझ्या चाकाच्या खुर्चीवरून, कुणाचाही हात न लागता. ते तुम्हाला सांगायचंय, आणि त्याआधी काय घडलं तेही, जरी ते तुम्हाला आवडणार नसलं तरी.

त्या दाराशी तुम्ही तिकिटं फाडायचे. रविवारी मला रिक्षातून आणून पायऱ्यांखालच्या बाकावर बसवायचे. दुसरी घंटा झाली की व्हरांडा रिकामा होतो, तुमचं काम सुटतं, आणि तिसऱ्या घंटेच्या आत तुम्ही मला पाठुंगळी घेऊन अकरा पायऱ्या चढता. पोलिओने गेलेले माझे पाय तुमच्या कमरेशी लोंबताहेत, आणि आत बसलेलं अख्खं थिएटर मान वळवून पाहतंय. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. चौदाव्या वर्षी मेल्याहून मेल्यासारखं व्हायला लागलं. एका रविवारी मी म्हणाले, मला उचलू नका. तुम्ही भडकले. "काहून वं? माझा पाय घसरला काय कधी? लोकं पाहतेत तं पाहू दे." खरंच कधी घसरला नव्हता. पावसात नाही, अंगात ताप असताना नाही. त्याचा तुम्हाला केवढा अभिमान होता. पुढच्या रविवारपासून मी नाटकाचा कंटाळा येतो म्हणायला लागले. तुम्हाला ते पटलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मग नोकरी लागली, मनीषनगरात घर झालं, तुम्ही गेले. त्या वाटेला मी फिरकलेच नाही. गेल्या वर्षी रामदासपेठेतल्या दवाखान्यातून परतताना सहज रिक्षा तिकडून घ्यायला सांगितली, तर पायऱ्यांखाली एक म्हातारी बसलेली. काटोलहून बसने आली होती. आत तिच्या नातीचं पहिलं नाटक, आणि गुडघे तिला चढू देईनात. मी थांबून विचारलं, तर मलाच समजावते, "राहू दे वं बाई, टाळ्या ऐकू येऊन राहिल्या नं." माझं डोकंच फिरलं. घरी पोचल्या पोचल्या नाट्यगृहाच्या कमिटीला पहिला अर्ज लिहिला, समोर रॅम्प करा म्हणून. उत्तर नाही. दुसरा लिहिला, तिसरा लिहिला. नाट्यगृहाच्या दुरुस्तीचं काम निघणारच होतं, तेव्हा एकदाचं त्यांनी मला सभेला बोलावलं. सभेची खोली वरच्या मजल्यावर. माझ्यापायी सगळ्यांना खाली स्कूटर स्टँडवर खुर्च्या टाकून बसावं लागलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

इंजिनिअर म्हणाले, समोरच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या जुन्या आहेत, तिथे रॅम्प केला तर शोभा जाईल. मागे करू, नेपथ्याचं सामान उतरवतात त्या दाराशी. मी म्हटलं, मी तिकीट काढून येणार, ट्रकमधून नाही. मग सेक्रेटरी बोलले. तुमच्या हाताखाली राहिलेला माणूस, मनाने चांगला. "ताई, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? चार जण आहेत आपल्याजवळ, खुर्चीसकट उचलून नेतीन. तुमच्या बाबांनी इतकी वर्षं नेलं तुम्हाले. काही झालं काय कधी?"

सगळ्यांच्या माना हलल्या. तुम्हाला मानणारी माणसं ती, बाबा. इंजिनिअरशी मी दिवसभर भांडले असते, पण तुमच्यापुढे माझं काय चालणार होतं? मी म्हणाले, "झालं होतं. बाबा मला घेऊन पडले होते. अर्ध्या पायऱ्यांवरून. लाजेपायी त्यांनी कोणाला सांगितलं नाही."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. रॅम्प समोरच करायचं ठरलं, पायऱ्यांना धक्का न लावता, बाजूने, धरायला कठडा घालून.

परवा मी चढून वर पोचले, तेव्हा तुमच्या जागी आता उभा असतो तो माणूस मागच्या एका बाईंना सांगत होता, "या ताईंचे वडील यांना घेऊन पडले होते नं इथं, म्हणून बनवला हा." बाई हळहळल्या. मी त्याच्या हातात तिकीट दिलं आणि आत गेले. तो चुकतोय, असं मी म्हटलं नाही. पुढेही म्हणणार नाही.